गार असताना गिअर पडतो, घाट चढून आलं की अडतो: ऑटोमॅटिकची मॅन्युअल केलेल्या जुन्या वॅगनचा क्लच

गाडी सकाळी काढली की सगळे गिअर गुमान पडतात, रिव्हर्स कर्र करत नाही, कोल्हापूरच्या तावडे हॉटेलपर्यंत जाऊन आलं तरी काही नाही. पण पन्हाळ्याचा नाहीतर जोतिबाचा चढ चढला, वर गर्दीत थांबत थांबत गेलं, की पहिला गिअर टाकताना दांडा अडतो, रिव्हर्सला आतनं दात घासल्याचा आवाज येतो आणि क्लच पेडल पार खालपर्यंत दाबलेलं असतानाही गाडी हळूच पुढं सरकायला बघते. रात्रभर उभी केली की दुसऱ्या दिवशी परत शहाण्यासारखी. मिस्त्रीकडं नेली तर तिथं काहीच होत नाही, कारण तोवर ती गार झालेली असते, आणि मग आपणच खुळ्यात निघतो.

ऑटोमॅटिकची मॅन्युअल केलेल्या जुन्या गाड्यांत ही तक्रार लई बघायला मिळते आणि उत्तर बहुतेक ठिकाणी एकच, "प्लेट गेली साहेब, गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतोय." घेतात, प्लेट बदलतात, थोडे महिने बरं चालतं, परत तेच. आता गंमत बघा, ते बरं चालतं ते प्लेटमुळं नाही, गिअरबॉक्स परत चढवल्यावर क्लचच्या तेलाच्या पाइपात शिरलेली हवा नव्यानं काढतात आणि नवीन ब्रेक ऑइल भरतात म्हणून चालतं. म्हणजे खरं काम होतं दोन-पाचशे रुपयांच्या ऑइलचं आणि बिल लागतं लेबरसकट प्लेटचं. एवढं डोक्यात बसलं की गिअरबॉक्सला हात लावायची घाई आपोआप कमी होते.

माझ्याकडची गाडी म्हणजे मर्सिडीजची २४० टीडी, डब्ल्यू १२३ मालिकेतली वॅगन (छप्पर मागच्या दारापर्यंत गेलेली लांब गाडी), उजव्या स्टिअरिंगची. इंजिन ओएम ६१६, चार सिलेंडरचं साधं डिझेल, २.४ लिटर, ताकद ७२ अश्वशक्ती, म्हणजे ऑटोमॅटिकसोबत ती कधी घाईत नव्हतीच. या इंजिनाचं कोल्हापुरात कुणाला नवल नाही कारण बजाज टेम्पोनं हेच इंजिन मर्सिडीजवाल्या डाइमलरच्या लायसन्सवर पुण्यात बनवलं आणि ट्रॅक्समध्ये, ट्रॅव्हलरमध्ये घातलं, त्यामुळं वडापच्या, म्हणजे शेअर प्रवासी, ट्रॅक्सवर हात बसलेला मिस्त्री हे इंजिन डोळे झाकून खोलतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तसं नाही. तो खोलून परत नीट जुळवणारा माणूस इकडं मिळणं अवघड, म्हणून भंगारात निघालेल्या २४० डी सेडानचा चार गिअरचा बॉक्स, पेडलांचा सेट, फ्लायव्हील, प्रॉपेलर शाफ्टचा पुढचा तुकडा असं सगळं एकत्र घेऊन मॅन्युअल केली. खाली जे लिहितोय ते या गाडीवरचं असलं तरी कुठल्याही हायड्रॉलिक क्लचच्या कन्व्हर्जनला बहुतांश लागू पडतं. हायड्रॉलिक म्हणजे पेडल वरच्या मास्टर सिलेंडरमधलं ब्रेक ऑइल ढकलतं, ते पाइपातनं गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलेंडरला जातं आणि तो क्लच सोडवतो.

आधी पेडलच्या चाचण्या, गाडी गरम असताना. घाट उतरून आल्या आल्या करायच्या, चहा पिऊन नाही.

सपाट जागेला, हँडब्रेक ओढून, इंजिन चालू ठेवून न्यूट्रलमध्ये पेडल पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद दाबूनच ठेवा आणि मग रिव्हर्स टाका. रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडायच्या आधी फिरण्याचा वेग जुळवणारी कडी) नाही, त्यामुळं आतला शाफ्ट अजून फिरत असेल तर तो लगेच ओरडून सांगतो. ओरडला तर पेडल सोडा, पटापट तीन-चार वेळा पंप मारा आणि शेवटच्या दाबाला लगेच परत टाकून बघा. पंप मारल्यावर गुपचूप पडला तर दोष तेलाच्या वाटेत आहे, म्हणजे हवा, उकळलेलं ऑइल किंवा रबर. पंप मारूनही काडीचा फरक नसेल तर मग दोष आत, बेल हाउसिंगमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या क्लचच्या खोक्यात, हे मान्य करायला हरकत नाही. दुसरं, पेडल दाबून मिनिटभर तसंच धरायचं. पाय हळूहळू खाली जातोय असं वाटलं तर मास्टर सिलेंडरचं रबर आतल्या आत ऑइल मागं सोडतंय. डॅशबोर्डखाली वाकून पेडलच्या रॉडवर बोट फिरवा, ओलं लागलं तर मास्टर बाहेर गळतोय.

आणि एक, गरम झाल्यावर गिअर अडत नाहीत पण क्लच घसरतोय, रेस वाढते आणि गाडी ओढत नाही, असं होत असेल तर तो वेगळा रोग. तिथं बहुतेकदा पेडलचा रॉड मास्टरच्या पिस्टनला कायम टेकलेला असतो, टाकीकडं परत जायचं बारीक भोक उघडतच नाही, ऑइल तापून फुगतं आणि त्याला जायला जागा नसल्यामुळं ते क्लच थोडा दाबूनच ठेवतं. रॉडला हाताला जाणवेल एवढा मोकळा खेळ द्या, संपला विषय.

आता बेल हाउसिंगच्या खाली ओल दिसली तर लगेच घाबरून "मागचं सील गेलं" म्हणू नका. बोटावर घेऊन बघा. काळंकुट्ट असेल तर इंजिनचं, डिझेल इंजिन आहे म्हटल्यावर ते काळंच असणार. लालसर पातळ असेल तर गिअरबॉक्सचं, कारण या मॅन्युअल बॉक्समध्येही ऑटोमॅटिकचंच लाल ऑइल, एटीएफ, पडतं. आणि फिकट पिवळं, पाण्यानं धुतलं की सहज निघून जाणारं असेल तर ते ब्रेक ऑइल, म्हणजे स्लेव्ह सिलेंडर गळतोय. एटीएफवरनं आठवलं, इकडं सवयीनं ९० नंबरचं गिअर ऑइल ओततात, त्यानं थंडीच्या दिवसात सकाळी सकाळी गिअर जड पडतो आणि गरम झाल्यावर मोकळा होतो. आपल्या तक्रारीच्या बरोबर उलट. तुमचं असं उलट असेल तर क्लच सोडा, आधी गिअरबॉक्सचं ऑइल बदला.

पंप मारल्यावर गिअर पडला असं धरून पुढं जातो, कारण कन्व्हर्जन केलेल्या गाडीत निकाल बहुतेक तोच लागतो.

कंपनीच्या मॅन्युअल गाडीत क्लचला वेगळी टाकी नसते, ब्रेकच्याच टाकीतनं एक नळी क्लचच्या मास्टरला जाते. आणि अशी एकच टाकी असली की क्लचची नळी वरच्या बाजूला काढलेली असते, मुद्दाम, म्हणजे क्लच गळला तरी ब्रेकचं ऑइल शिल्लक राहावं. चांगली गोष्ट, पण याचा अर्थ असा की ऑइलची पातळी जरा जरी खाली गेली की पहिल्यांदा हवा क्लच ओढणार. ब्रेक पॅड झिजले की टाकीतली पातळी आपोआप उतरते, कुठंही गळती नसताना. सपाटीला नळीचं तोंड बुडालेलं दिसतं, पण घाटात नाक वर झालं, वळणाला ऑइल एका कडेला गेलं, की तेवढ्या वेळापुरतं तोंड उघडं पडतं आणि त्याच वेळी आपण सारखा क्लच मारत असतो. टाकीत टॉर्च मारून बघा, भोक कुठं आहे आणि ऑइल कुठं आहे. मिनिममच्या रेघेवर समाधान मानायचं नाही, मॅक्झिममला ठेवायचं.

ऑटोमॅटिक गाडीच्या टाकीला ती नळी नसते किंवा तोंड बंद असतं. मग कन्व्हर्जन करणारा काय करतो, मोटरसायकलच्या मागच्या ब्रेकची छोटी प्लास्टिकची बाटली घेतो, जिथं मोकळा बोल्ट दिसेल तिथं आवळतो आणि हाताला लागेल ती नळी घालतो. बाटलीला माझी ना नाही, पण दोन गोष्टी बघा. एक म्हणजे बाटली मास्टरपेक्षा स्पष्ट वर पाहिजे आणि नळी तिथनं मास्टरपर्यंत सलग उतरती पाहिजे. माझ्या गाडीत नळी जास्त लांब होती म्हणून ब्रेक बूस्टरवरनं कमान करून आणली होती. त्या कमानीच्या माथ्यावर हवेचा बुडबुडा बसून राहायचा, कितीही हवा काढा, तो खाली यायचाच नाही कारण हवा वर जाते आणि वर तर तिला बसायला जागाच करून दिलेली. गार असताना तो बुडबुडा लहान, कुणाला त्रास नाही. बॉनेटखाली तापलं की फुगतो आणि कमानीतनं सुटून थोडा थोडा मास्टरकडं सरकतो.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट आणि रोग परत परत उपटायचं मूळ तिथं असतं. ती नळी कसली आहे? डिझेलची काळी रबरी नळी असेल तर ती डिझेल सोसते, ब्रेक ऑइल सोसत नाही. काही महिन्यांत आतनं मऊ पडते, फुगते, काळा गाळ सोडायला लागते, तो गाळ मास्टरमध्ये आणि तिथनं स्लेव्हमध्ये. बाटलीतलं ऑइल भरून थोड्याच दिवसात काळपट झालं तर नळीवरच संशय घ्या. बरोबर उलटी भानगड सिलेंडरच्या रबरांची. ती रबरं ब्रेक ऑइलसाठीच बनवलेली, त्यांना डिझेल, रॉकेल, पेट्रोल, इंजिन ऑइल यातलं काही चालत नाही. आणि आपल्याकडं कुठलाही पार्ट उघडला की पहिलं काम काय, तर डिझेलच्या तसराळ्यात बुडवून ब्रशनं घासायचा! लख्ख निघतो, दिसायला भारी, आणि कोपऱ्यात राहिलेल्या डिझेलमुळं नवीन किटचं रबर फुगायला लागतं. फुगलेलं रबर काढून नव्या रबराशेजारी ठेवलं तर डोळ्यांनी फरक कळतो, कड नागमोडी झालेली असते, बोटानं दाबलं तर लिबलिबीत लागतं आणि ज्या भोकातनं काढलं त्याच भोकात परत सरळ बसत नाही. सिलेंडर ब्रेक ऑइलनंच धुवा, रबराला लावायलाही ब्रेक ऑइलच, ग्रीस नको.

वॅगनवाल्यांना यात आणखी एक खड्डा आहे. या वॅगनला मागचं सस्पेन्शन भार पडला तरी पातळी धरून ठेवतं, त्याचं हायड्रॉलिक ऑइल वेगळं आणि त्याची टाकीही बॉनेटखालीच. ते खनिज तेल आहे. सर्व्हिसिंगच्या पोराला "जरा टाकीत ऑइल बघ रे" म्हटलं आणि त्यानं एकातलं दुसऱ्यात घातलं तर क्लचसोबत ब्रेकचीही रबरं गेली. संशय असेल तर सोपी परीक्षा आहे, टाकीतलं थोडं ऑइल इंजेक्शनच्या सिरिंजनं ओढून काचेच्या ग्लासातल्या पाण्यात सोडायचं आणि ढवळायचं. नुसतं ब्रेक ऑइल असेल तर पाण्यात मिसळून जातं. वर तेलकट थर तरंगला तर गाडी तिथंच उभी करा, चालवत गॅरेजलासुद्धा नेऊ नका, कारण आता प्रश्न क्लचचा राहिलेला नाही, मास्टरपासनं चाकांवरच्या ब्रेक कॅलिपरपर्यंत सगळी रबरं बदलायची आणि पाइप धुवायचे.

हवा काढायची पद्धतही इथं वेगळी पाहिजे. नेहमीसारखं एकानं पेडल मारायचं आणि दुसऱ्यानं खाली निप्पल (हवा काढायचा स्क्रू) सोडायचा, यानं या क्लचची हवा नीट निघत नाही, कारण मास्टर लहान, पाइप वर-खाली आणि बुडबुडा खाली ढकलला तरी तो परत वर पळतो. मर्सिडीजवाले खालून वर भरतात. पुढच्या कॅलिपरच्या निप्पलला पारदर्शक नळी लावायची, ब्रेक पेडल हळू दाबून ती नळी ऑइलनं पूर्ण भरून घ्यायची, मग तिचं दुसरं टोक स्लेव्हच्या निप्पलला. दोन्ही निप्पल थोडे सोडायचे, आत बसलेल्यानं ब्रेक सावकाश दाबायचा, खाली गेला की कॅलिपरचा निप्पल बंद, मग पाय उचलायचा, परत निप्पल सोडायचा, परत दाबायचा. ऑइल स्लेव्हमधनं वर मास्टरला आणि तिथनं टाकीत जातं, हवेला पुढं घालून. टाकीत बुडबुडे यायचे थांबले की झालं. वेगळी बाटली बसवलेली असेल तर ध्यान ठेवा, ब्रेकची टाकी रिकामी होत जाते आणि बाटली भरून वाहायला लागते, आणि ब्रेक ऑइल रंगावर सांडलं की रंग उठतो, तेव्हा फेंडरवर ओला कपडा पसरूनच काम करा. शेवटी ब्रेक पेडल कडक आहे का ते बघितल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

उष्णतेचं म्हणाल तर या इंजिनाचा एक्झॉस्ट उजव्या बाजूला आणि उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत पेडल, मास्टर, बूस्टर हा सगळा पसाराही उजवीकडंच. क्लचचा पाइप मॅनिफोल्डच्या किंवा सायलेन्सरच्या पाइपच्या किती जवळनं जातो ते बघा. डॉट ४ ऑइल नवीन असताना २३० अंशाच्या पुढं उकळतं, पण हे ऑइल हवेतलं पाणी पिऊन बसतं आणि पाणी प्यायल्यावर हमी फक्त १५५ अंशांची, डॉट ३ ची तर १४० ची. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवेत जेवढी ओल असते त्यात उघडी ठेवलेली ऑइलची बाटली पुढच्या वर्षी वापरायची नाही, स्वस्तात पडत नाही ते. पत्र्याची एक आड मध्ये बसवा, पाइप क्लिपनं दूर बांधा, दर दोन वर्षांनी ऑइल बदला. कोल्हापुरात शाहूपुरीपासनं उद्यमनगरपर्यंत कुणीही असली पत्र्याची आड अर्ध्या तासात करून देतो.

आता पंप मारूनही फरक पडला नाही त्यांच्यासाठी. ऑटोमॅटिक इंजिनाच्या क्रँकच्या टोकाला टॉर्क कन्व्हर्टरचा (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो तो) गळा बसतो, तिथं पायलट बेअरिंग नसतं कारण त्याला कामच नाही. मॅन्युअलला गिअरबॉक्सच्या शाफ्टचं पुढचं टोक त्या बेअरिंगमध्ये फिरतं, त्यामुळं ते घालावंच लागतं, आणि कुठं कुठं ते घालायचंच राहतं किंवा त्याच्या जागी लेथवर केलेला गनमेटलचा बुश ठोकतात. बुशचं काम उद्यमनगरात एक नंबर होतं, ते प्रश्नच नाही, इथल्या टर्नरनी ऑइल इंजिनांपासनं सगळं बनवलंय, पण त्याला माप देताना आपण अर्धंच सांगतो. बुश क्रँकमध्ये दाबून बसवला की बाहेरनं आवळला जाऊन त्याचं आतलं भोक बारीक होतं. टेबलावर शाफ्ट त्यात छान फिरत होता, बसवल्यावर नाही. म्हणून बसवल्यानंतर रीमर मारून भोक परत मापाला आणायचं आणि शाफ्ट हातानं फिरवून बघायचा. घट्ट राहिला की गार असताना कसाबसा चालतो, तापला की शाफ्टला धरतो, क्लच सुटलेला असूनही क्रँक शाफ्टला फिरवत राहतो आणि गिअर पडत नाही. लक्षण तेच, कारण वेगळं. मिळत असेल तर बुशऐवजी बेअरिंगच घाला.

आवाजानं बरंच कळतं. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेलं असताना घरघर आणि दाबल्यावर बंद, तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग. न्यूट्रलमध्येच पेडल दाबल्यावर आवाज चालू होतो, तर रिलीज बेअरिंग (क्लच दाबणारं). गिअरमध्ये टाकून, पेडल दाबून, जागेवर उभं असताना चिरकतं, तर पायलट, कारण क्रँक फिरतोय आणि शाफ्ट थांबलाय असं तेव्हाच असतं.

गिअरबॉक्स खाली आलाच आहे तर फ्लायव्हीलचं बॅलन्सिंग विचारा. या इंजिनात क्रँकचं बॅलन्सिंग जुन्या ऑटोमॅटिकच्या फ्लेक्स प्लेटसकट (फ्लायव्हीलच्या जागची पातळ चकती) झालेलं असतं, त्यामुळं दुसऱ्या गाडीचं फ्लायव्हील तसंच बोल्ट करून चालत नाही, जुन्या प्लेटशी जुळवून बॅलन्स करावं लागतं. म्हणून जुनी फ्लेक्स प्लेट भंगारात टाकू नका, ती मापाची आहे. जागेवर रेस दिल्यावर अंगात थरथर भरते आणि रेसबरोबर वाढते त्याचं कारण बहुतेक हेच. गाडी पळताना स्पीडबरोबर थरथर वाढत असेल तर मात्र प्रॉपेलर शाफ्ट आणि त्याची रबरी कपलिंगं बघा.

राहिलेली किरकोळ दुखणी. सेल्फ लागत नाही, तर ऑटोमॅटिकच्या न्यूट्रल स्विचची वायर तशीच लोंबकळत असणार, ती जोडून घ्या, आणि रिव्हर्सच्या दिव्याची वायर नव्या गिअरबॉक्सच्या स्विचला द्या. चावी काढली तरी इंजिन बंद होत नाही ही तक्रार लोकांना चक्रावून टाकते, पण हे इंजिन व्हॅक्युमनं बंद होतं आणि ऑटोमॅटिककडं जाणारी व्हॅक्युमची बारीक नळी कापून उघडी सोडली असेल तर सगळा व्हॅक्युम तिथनं जातो. ब्रेक जड झाल्यासारखा वाटतो तोही बऱ्याचदा त्याचमुळं. नळीचं तोंड नीट प्लगनं बंद करा, टेप गुंडाळून नाही, टेप उन्हाळ्यात सुटतो.

पत्र्याचं वेगळं लिहीन कधीतरी, पण मागच्या चाकांच्या पाठीमागं डिकीच्या दोन्ही बाजूला जे खोल खण असतात त्यात हात घालून बघा, पावसाचं पाणी तिथं साठतं आणि पत्रा आतनं जातो, बाहेर रंग नवा दिसत असला तरी. मागच्या दाराची खालची कडही.

आणि हे सगळं करायच्या आधी आरटीओचं बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे, पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाला गाडी समोर उभी करावीच लागते, तेव्हा गिअरबॉक्सबद्दल काय लागतं ते कोल्हापूरच्या एमएच ०९ च्या ऑफिसात विचारून जे सांगतील ते कागदावर घ्या. जुन्या गिअरबॉक्सची, नव्याची, दोन्ही नंबरांची पावती फाइलला लावून ठेवा, भंगारवाल्याकडनं घेतलेला असला तरी पावती मागायची.